स्क्रीनवरची वाकडी रेघ

सिद्धगडाखालची वाडी, ता. मुरबाड
९ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

मामाचा आशीर्वाद. काय बिघडलंय ते नीट लिहून जयरामच्या टेम्पोतून पाठव असं तू म्हणालीस, म्हणून लिहायला बसलो. बरंच झालं. फोन लावायचा तर मला टेकाडावर जावं लागतं, आणि तिथंही तुझे दोन शब्द येतात नि तिसरा वाऱ्याबरोबर जातो. जयराम दर मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी घेऊन शहापूरला येतो. तुझं दुरुस्तीचं दुकान त्याला माहीत आहे. उत्तर त्याच्याकडेच दे.

लॅपटॉप तोच, सूरजच्या कॉलेजातला. पोरगा चाकणला कंपनीत लागला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. माझा गुडघा बांधकामाच्या परांचीवर चढू देईना, तेव्हा त्यानंच सुट्टीत बसून मला यावर घराचे नकाशे काढायला शिकवलं. आता आमच्या वाडीत नि खालच्या गावांत कुणाला खोल्या काढायच्या असल्या की नकाशा मी काढतो, भिंती दुसरे गवंडी चढवतात आणि मी उभा राहून बगतो.

सध्या आमच्या वाडीतल्या बारकीच्या दोन खोल्यांचं काम धरलंय. गेल्या पावसाळ्यात तिच्या घराची मागची भिंत बसली. तेव्हापासून ती नि तिच्या दोन मुली भावाच्या ओटीवर राहतात. यंदा पावसाआधी तिच्या डोक्यावर छप्पर पायजे. नवरा गेलेली बाई आहे, तिला मी शब्द दिलाय.

आता बिघाड सांगतो. झाकण जरा मागं केलं की उजेड जातो, पुढं केलं की येतो. कधी तर पुरी स्क्रीन काळी. आणि दुसरं असं, की नकाशातली रेघ मध्येच लचकते. पाण्यात काठी धरली की दिसते ना, तशी. भिंतीची रेघ अशी दिसायला लागल्यावर मी माप काय धरू?

लवकर कळव. मामीनं वालाच्या शेंगा पाठवल्यात.

तुझा,
कमळू मामा

•

शहापूर
१४ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार. सोबत तिळगूळ आहे. मामीला निम्मा दे, सगळा एकटा खाऊ नकोस.

शेंगा पोचल्या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माझ्या भावाला माझी आठवण नाय येत, भाचीची येते." तेव्हा पुढच्या वेळी तिच्या वाटणीच्याही पाठव, मी खर्डीला घरी जाताना नेईन.

लॅपटॉप लगेच पाठवू नकोस. आधी तिथंच तीन गोष्टी करून बघ, म्हणजे दोष कुठल्या बाजूला आहे ते कळेल. स्क्रीन काळी झाली की खोलीत अंधार करून काचेवर तिरकी बॅटरी मार. पुसट का होईना चित्र दिसलं, तर स्क्रीन चित्र काढतेय, फक्त तिच्या मागचा दिवा लागत नाही. मग झाकण हळूहळू पुढेमागे कर आणि उजेड नेमका कुठं जातो ते बघ. तिसरं म्हणजे तो एखाद्या टीव्हीला जोडून बघ. वायर जयरामकडे दिलीय, दोन्ही टोकं सारखीच आहेत, कुठलंही कुठंही लाव. टीव्हीवर नीट दिसलं, तर लॅपटॉपचं पोट चांगलं, फक्त स्क्रीन नाहीतर तिची केबल गेली. टीव्हीवरही तोच घोटाळा दिसला, तर दोष आत आहे.

काय दिसतं ते जसंच्या तसं लिही. दुकानात येणारे लोक "चालत नाही" एवढंच सांगतात. तू रेघ लचकते असं लिहिलंस, तेवढ्यावरून मला विचार तरी करता आला.

तुझी,
अपेक्षा

•

वाडी
२० जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

तू सांगितलं ते सगळं केलं. दार-खिडकी लावून काळ्या स्क्रीनवर बॅटरी मारत बसलो होतो तर तुझी मामी आत आली. म्हणे, "काय हरवलंय त्यात?" पण तू म्हणालीस तसंच झालं. बारीकसं चित्र दिसलं, धुक्यात घर दिसावं तसं. झाकणाचंही तसंच. अर्ध्यापेक्षा जास्त उघडलं की उजेड गेलाच.

टीव्ही बारकीच्या भावाकडे मोठा आहे. तिथं नेऊन जोडला. उजेड एकदम मस्त, झाकण कसंही करा. पण रेघ तिथंही वाकडीच! बारकीचा भाऊ म्हणाला, "आमाला तर सरळ दिसतंय, मामा." मी म्हटलं, तुमी त्यावर क्रिकेट बगता, तुमाला रेघेतलं काय कळणार.

आता सांग, दोष स्क्रीनमध्ये की पोटात?

पाया भरून झाला. जोतं उद्या पुरं होईल. गवंडी सुयोग म्हणून आहे, पलीकडच्या पाड्यातला. हात चांगला आहे त्याचा, पण बोलतो फार.

तुझ्या आईच्या, बाईजाच्या वाटणीच्या शेंगा वेगळ्या बांधल्यात. तिला सांग, भाऊ विसरला नाय.

कमळू मामा

•

शहापूर
२४ जानेवारी २०२५

मामा,

तुझ्या पत्रावरून माझा हिशोब असा, की दोष एक नाही, दोन आहेत.

उजेड जातो तो केबलमुळे. स्क्रीनला जाणारी केबल बिजागरीतून जाते. झाकण उघडून मिटून ती तिथं झिजते. हे काम सोपं आहे.

रेघेचं मात्र मला बरं वाटत नाही. टीव्हीवरही तीच लचक दिसते म्हणजे चित्र तयार करणारी चिप गेली असणार. जुन्या लॅपटॉपमध्ये उष्णतेनं तिचे टाके सुटतात. बारकीच्या भावाला दिसलं नाही हे मी धरत नाही. तुझ्यासारखी नजर सगळ्यांकडे कुठं असते? आमच्या खर्डीच्या घराची चौकट बसवताना तू लांबून बघूनच "डावीकडे बोटभर खाली गेलीय" म्हणाला होतास, आणि होतीच.

आता लॅपटॉप पाठव. त्याआधी सगळे नकाशे पेन ड्राइव्हवर उतरवून घे. चिप कधी पुरी बसेल सांगता येत नाही.

अपेक्षा

•

वाडी
३० जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

जयरामकडे लॅपटॉप देतोय. गोधडीत गुंडाळलाय. गोधडी मामीची आहे, ती परत आली नाय तर मलाही घरात घेणार नाय असं बजावलंय तिनं. पेन ड्राइव्हही सोबत आहे.

बारकीच्या नकाशाचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर काम चाललंय. मागची भिंत कमरेइतकी आली होती, ती वाकडी निघाली. मधोमध पोट सुटलेलं. वरचे थर पाडायला लावले. सुयोग म्हणतो, "मामा, ओळंबा लावून चढवलीय." मी म्हटलं, ओळंबा लावतोस पण बगतोस कुठं? हल्लीच्या गवंड्यांना घाई. बारकी बिचारी फुटक्या विटा गोळा करत बसली.

लवकर दुरुस्त कर. त्याच्याशिवाय मला हात बांधल्यासारखं होतंय.

कमळू मामा

•

शहापूर
११ फेब्रुवारी २०२५

मामा,

उशीर झाला. केबल मिळेना, शेवटी कल्याणहून आणली. मी पूर्वी ज्या दुकानात कामाला होते तिथल्या मैत्रिणीनं शोधून दिली.

लॅपटॉप उघडला तर पंख्यात सिमेंट आणि वाळू! मामा, तू हा बांधकामावर घेऊन जातोस ना? पंखा साफ केला. बिजागरीतली केबल खरंच सोललेली होती, ती बदलली. आता झाकण कसंही कर, उजेड जाणार नाही.

रेघेचं सांगते. मी तो बरेच दिवस सलग चालू ठेवला. मुद्दाम तापवला. पांढऱ्या पानावर आडव्या-उभ्या रेघा काढल्या, तुझा बारकीचा नकाशा उघडून स्क्रीनवर पट्टी धरून तपासला. मला एकही रेघ लचकलेली दिसली नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही दाखवलं. म्हणजे चिप चांगली आहे. धुळीनं आतून तापत होता, त्यानं चित्र हलत असेल, असंच मी धरते. आता धूळ गेली, तेव्हा तेही गेलं असेल.

गोधडी घडी घालून पाठवतेय. तू घरात राहू शकतोस.

अपेक्षा

•

वाडी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,

लॅपटॉप आला. उजेडाचं काम झकास झालंय.

रेघ तशीच आहे. उलट जास्त. आता मधोमध एक डागही दिसतो. काचेला बोट लागल्यावर राहतो तसा मळकट. मी ओल्या फडक्यानं पुसला, सुक्यानं पुसला, जात नाय. मागं नव्हता. तुझ्याकडे उघडताना काय लागलं असेल.

राग मानू नकोस. पण तू नीट बगितलं नाय असं मला वाटतं. तुझ्याकडे रोज गिऱ्हाइकं, त्यात मामाचं जुनं डबडं. समजतं मला. झेरॉक्सवाल्याला रेघेतलं काय कळतं?

बारकीचं काम सध्या थांबलंय. सुयोग येत नाय.

कमळू मामा

•

शहापूर
२१ फेब्रुवारी २०२५

मामा,

पत्र वाचून वाईट वाटलं. तुझ्या लॅपटॉपसाठी मी तीन गिऱ्हाइकं थांबवून ठेवली होती, हे सांगणार नव्हते, पण आता सांगते. मी काच उघडलीच नाही, तर डाग माझ्याकडून कसा पडेल?

भांडण नको. जयरामबरोबर माझा स्वतःचा लॅपटॉप पाठवतेय. याची स्क्रीन नवीन आहे. यात बारकीचा तोच नकाशा घातलाय. दोन्ही शेजारी ठेव आणि बघ. तुझ्यावर वाकडं आणि माझ्यावर सरळ दिसलं, तर मी चुकले, परत उघडीन. आणि एकट्यानं बघू नकोस, मामीलाही बसव. ती लॅपटॉपजवळ जात नाही हे माहीत आहे, पण रेघ सरळ की वाकडी एवढं तर सांगेल.

अपेक्षा

•

वाडी
२७ फेब्रुवारी २०२५

अपेक्षा बाय,

मी गुणामामी. मी लिवतेय ते मामाला सांगू नको गो. चौथीपर्यंतच शाळा झाली माजी, अक्षर लावून वाच.

तुजा लॅपटॉप आला. मामानं दोनी मांडले. मला म्हणाला बग. मी बगितलं. दोनीवर रेघा सरळ हायेत. डाग कुठंच नाय. मामाला दोनीवर वाकडं दिसतं, दोनीवर डाग दिसतो. मी म्हटलं सरळ हाय, तर म्हणाला, "तू पण त्यांच्यातली झालीस." दोनी मिटवून ठेवले. दोन दिस झाले, धड जेवला नाय.

तो तुला सांगणार नाय, म्हणून मी सांगते. बारकीची भिंत त्यानं परत पाडली. या वेळेला बिगाऱ्यांना नाय सांगितलं, सोताच पहार घेतली. सुयोगनं ओळंबा लावून दावला होता. दोरी भिंतीला लागून सरळ, केसाएवढी फट नाय. आमी सगळी तिथंच होतो. मामा म्हणाला, "दोरीलाच बाक आलाय." आता सांग, खाली एवढा गोळा टांगलेल्या दोरीला बाक कसा येल? सुयोगनं थापी धुतली नि घरला गेला. बारकी माज्या दारात बसून रडली.

आनि बारीक बारीक बरंच हाय. चहा कपाच्या बाजूला ओततो. वाचताना डावा डोळा मिटतो. मी विचारलं तर म्हणतो, धूर गेला. रोज कसा धूर जाईल?

मला भ्या वाटतं. काय करू सांग.

मामी

•

शहापूर
२८ फेब्रुवारी २०२५

मामा,

जयरामला थांबवून हे लिहितेय, म्हणून आजच तुझ्या हातात पडेल. शांतपणे वाच.

तुझ्या लॅपटॉपमध्ये आता काहीही दोष नाही. मी आधी चिप म्हणाले, मग धूळ म्हणाले, दोन्ही चुकलं. बिघाड शोधताना आम्ही एकेक वस्तू बदलून बघतो. तुझ्या लॅपटॉपवर रेघ वाकडी होती. टीव्ही लावला, तरी वाकडी. केबल बदलली, तरी वाकडी. माझा लॅपटॉप पाठवला, त्यावर काय दिसलं ते तू कळवलं नाहीस. सरळ दिसलं असतं तर तू लगेच कळवलं असतंस, म्हणून मी समजले. मामा, एवढं सगळं बदललं, बघणारा डोळा तेवढा तोच राहिला.

सोबत कागद आहे. त्यावर चौकटी आखल्यात, मधोमध ठिपका आहे. दिवसा, उजेडात, वाचायचा चष्मा लावून कागद हातभर लांब धर. डावा डोळा हातानं झाक आणि ठिपक्याकडे बघ. मग उजवा झाकून तसंच बघ. रेघा काढायला मी पट्टी वापरलीय, त्या सरळ आहेत.

आमच्या गल्लीत डोळ्यांच्या डॉक्टर बसतात. दुकान उघडं टाकून त्यांच्याकडे गेले होते. मी सांगितलं तेवढ्यावर त्या म्हणाल्या, "घरी बसून वाट बघू नका. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा प्रकार असू शकतो. लवकर आलात तर थांबवता येतं, उशीर केलात तर गेलेली नजर परत आणता येत नाही."

मंगळवारी जयरामबरोबर ये. येणार नसलास तर मी तिकडे येईन, आणि मग मामीसमोर भांडेन.

तुझी,
अपेक्षा

•

वाडी
३ मार्च २०२५

चि. अपेक्षा,

हे पत्र माझ्याच खिशातून तुझ्याकडे येतंय. तू वाचशील तेव्हा मी तुझ्यासमोर उभा असेन. तोंडानं मला हे सांगता येणार नाय, म्हणून आदल्या दिवशीच लिहून ठेवतोय.

तुझा कागद दोन दिवस फळीवर ठेवला. बगितलाच नाय. आज सकाळी मामी शेताकडे गेल्यावर अंगणात नेला. डावा डोळा झाकला. सगळ्या चौकटी बरोबर. मला इतकं बरं वाटलं की कागद टाकून तुला शिव्या घालायला टेकाडावर जाणार होतो. मग उजवा झाकला. ठिपकाच गेला. होता तिथं मळकट डाग, आणि भोवतीच्या रेघा त्या डागाकडे ओढल्यासारख्या वाकलेल्या. कागद फिरवला, उलटा केला. डाग जागचा हलला नाय.

मग बारकीच्या कामावर गेलो. तिथं कुणी नव्हतं. कोपऱ्यात एक भिंत उभी आहे, तिच्यावर मला पहार घालायची राहिली होती. डावा डोळा झाकून बगितली. अपेक्षा, इतक्या सरळ भिंती मी माझ्या हातानं सुद्धा कमी चढवल्यात.

मला थोडं थोडं कळत होतं. दिवाळीपासून. विजेचा खांब वाकडा दिसायचा. मी म्हणायचो खांबच वाकलाय. आमच्या धंद्यात गुडघा गेला तर माणूस खाली उभा राहून काम करतो, पण गवंड्याचा डोळा गेला म्हटल्यावर त्याला भिंत कोण दाखवणार? म्हणून लॅपटॉपमध्ये दोष आहे असं तू म्हणालीस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

तुला वाईट बोललो. डॉक्टरांकडे चल. मला भीती वाटतेय, तेवढं मामीला सांगू नकोस.

कमळू मामा

•

खर्डी
१४ मार्च २०२५

मामी,

मामा बरा आहे. पहिल्यांदा तेच लिहिते. काल आमच्याकडे होळी झाली. मामा ओटीवर काळा चष्मा लावून बसला होता आणि लाकडं कशी रचायची ते सगळ्यांना सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. नारळ मात्र त्याच्याच हातानं टाकला.

आता नीट सांगते. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच दिवशी मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं कळलं, की डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे एक नको ती रक्तवाहिनी वाढलीय. ती पाझरते, त्यानं पडदा फुगतो, आणि फुगलेल्या पडद्यावर सरळ रेघ वाकडी पडते. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात. हे ऐकल्यावर मामा खुर्चीतून उठलाच.

"डोळ्यात? सुई?"

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "आधी थेंब घालून बधिर करतो, बाबा. फार तर दाबल्यासारखं वाटेल."

"तुमाला दिलंय का कधी कुणी?"

त्या हसल्या. "नाही. पण मी रोज कितीतरी लोकांना देते, आणि दुसऱ्या वेळी ते स्वतःहून येतात."

मग मामानं विचारलं, "भिंत सरळ दिसेल का?" तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाढ थांबवू. वाकडेपणा थोडा कमी होईल. मधला डाग पुरा जाईल असं मी सांगणार नाही. उजवा डोळा चांगला आहे, तो सांभाळायचा. दर आठवड्याला कागदावर बघायचं, आणि विडी बंद."

इंजेक्शन बुधवारी झालं. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "काय नाय गो, मुंगी चावली." पण हात बराच वेळ सोडला नाही. अजून दोन घ्यायची आहेत, महिन्याच्या अंतरानं. रविवारी त्याला घेऊन येते.

तू ते पत्र लिहिलंस म्हणून वेळेत झालं. त्याला मी सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

विडीचं बंडल त्याच्या पिशवीतून मी काढून घेतलंय. घरात अजून कुठं असेल तर बघ.

अपेक्षा

•

वाडी
१७ एप्रिल २०२५

चि. अपेक्षा,

दुसऱ्या इंजेक्शननंतर आज पहिल्यांदा पेन धरलं. डाव्या डोळ्यानं चौकटी अजून वाकतात, पण पहिल्यापेक्षा कमी. डाग आहे. राहणार असं मी धरून चाललोय. पायरी उतरताना अंदाज चुकतो, म्हणून काठी घेतली.

इथं आल्यावर पहिलं काम केलं ते सुयोगच्या पाड्यावर गेलो. त्याची आई म्हणाली, तो कामावर गेलाय, संध्याकाळी येईल. मी ओटीवर बसून राहिलो. आला नि मला बगून तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "सुयोग, भिंत सरळ होती. दोन्ही वेळेला. माझा डोळा वाकडा होता."

त्यानं थापी ओटीवर ठेवली. मग म्हणाला, "मामा, सगळ्यांसमोर पाडलीस."

"हां. म्हणून सगळ्यांसमोर सांगायला येशील का माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी आला. वाडीतली माणसं होती, बारकी होती, तिच्या मुली होत्या. मी जसं झालं तसं सांगितलं. कुणी हसलं नाय. बारकी म्हणाली, "पावसाआधी झालं म्हणजे झालं." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी माल कालवतोय. बिगाऱ्याचं काम. गुडघा दुखतो, पण विटा वाया गेल्या त्या माझ्यामुळे, तेव्हा हात चालवणं माझं काम. भिंत बगायचं काम सुयोगचं. काल तो वरून म्हणाला, "मामा, जरा बग ना, बरोबर आहे का?" मी म्हटलं, ओळंबा काय म्हणतो? म्हणाला, बरोबर. मग झालं, म्हटलं, चढव पुढं. मान वर केली नाय.

तुझ्या मामीनं मला त्या पत्राचं सांगितलं. काल जेवताना, वाढता वाढता. मी विचारलं, मला का नाय दाखवलंस आधी? म्हणाली, "दाखवलं असतं तर तू तेही वाकडं आहे म्हणाला असतास." मी भात खात राहिलो. बरोबर बोलली.

कमळू मामा

•

वाडी
१५ मे २०२५

चि. अपेक्षा,

तिसरं इंजेक्शन झालं तेव्हा तू घाईत होतीस, म्हणून सगळं बोलता आलं नाय.

बारकीच्या घरावर पत्रे चढले. परवा तिनं चूल पेटवली, वाडीला गूळ वाटला. मला दोन खडे जास्त दिले. मुली आतल्या खोलीत कोण झोपणार यावर भांडतायत.

दुसरी गोष्ट सांगायची म्हणजे किन्हवलीहून ज्ञानेश्वर आला होता, सूरजच्या ओळखीचा. त्याला तीन खोल्या काढायच्यात, नकाशा पायजे. मी स्पष्ट सांगितलं, बाबा, माझा एक डोळा असा आहे, दुसरीकडे बग. तो म्हणाला, सूरजनं सांगितलंय मला, पण घर तुमीच काढा. मी नाय म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मामी म्हणाली, "काढून देऊ. आठ दिवसांनी या."

तो गेल्यावर मी विचारलं, कोण काढणार? म्हणाली, "तू सांग, मी काढते. रेघ सरळ की वाकडी ते मला कळतं."

ज्या बाईनं आजवर त्या लॅपटॉपला हात लावला नव्हता ती रोज दुपारी माझ्या शेजारी बसते. पहिल्या दिवशी माउस असा धरला होता की जणू विंचू पकडलाय. मी मागं बसून सांगतो, इथून दहा फूट, इथं दार, इथं कोपरा. ती जीभ दातात धरून रेघ ओढते. चुकली की मला रागावते, जशी काय रेघ मीच हलवली. कुठलं बटण काय करतं ते तिच्या लक्षात माझ्यापेक्षा लवकर राहतं. हे सूरजला कळवू नकोस, तो मला चिडवेल.

काल स्वयंपाकघरापर्यंत आलो. मी म्हटलं, खिडकी पूर्वेच्या भिंतीला टाक, सगळीकडे तशीच टाकतो. तिनं माउस सोडला.

"इथं चूल कुठं येणार?"

"या कोपऱ्यात."

"मग धूर कुठून जाणार?"

"पुढच्या दारानं जाईल की."

"म्हणजे बाईच्या तोंडावरून जाणार. आजपर्यंत किती घरं अशी काढलीस तू?"

मी मोजायला लागलो नि मध्येच सोडून दिलं. म्हटलं, चुलीच्या भिंतीला खिडकी टाकली तर बाहेरून घर बरं दिसत नाय. ती म्हणाली, "बाहेरून बगणारे आत रांधायला येतात का?" आणि चुलीच्या वर, जिथं मी बावीस वर्षांत कधी टाकली नाय, तिथं खिडकी काढली. मोठी काढली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सरळ आहे?"

मी म्हटलं, "तू काढलीस, तूच सांग."

ज्ञानेश्वरची बायको आज नकाशा बगून गेली. बाकीच्या खोल्यांकडे तिनं ढुंकूनही बगितलं नाय. त्या खिडकीवर बोट ठेवलं नि विचारलं, ही कुणी सुचवली. मामी पदराला हात पुसत चहा ठेवायला आत गेली, आणि मग आतूनच मोठ्यानं म्हणाली, "मी."

कमळू मामा